लिनक्स मिंट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१४ सालचा आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असून एसएसडी मागाहून बसवून घेतली आहे. विंडोज १० ला मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षा-चिपसह इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागणार, हे कळले तेव्हा धडधाकट यंत्र भंगारात काढणे मनाला पटेना. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली घेतली; तिची २२.१ ही आवृत्ती, सिनॅमन या पडद्याच्या मांडणीसह. लेखकांची हस्तलिखिते टंकून देणे हे माझे काम, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः मराठी मजकुराच्या अंगाने लिहिला आहे.

मिंट बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, आणि नवशिक्याने ही पायरी गाळू नये. वायफाय ओळखलेच जात नाही, हे मला तिथेच समजले. फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) घेतला, तेव्हा ते सुरू झाले. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्यावरच मी विंडोज पूर्ण पुसले. दोन्ही प्रणाली शेजारी नांदवण्याचे धाडस मला झाले नाही.

कळफलकाच्या यादीत मराठीचे पर्याय आधीपासूनच होते. रेमिंग्टन या टंकयंत्राच्या कळमांडणीची वीस वर्षांची सवय मोडून मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी शिकले, आणि पहिले तीन आठवडे माझा वेग निम्म्यावर आला. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र कसा काढावा हे सापडत नव्हते. शिफ्टसह र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो आणि त्याला हलन्त जोडून पुढचे अक्षर टंकले की काम होते, हे उमगायला एक अख्खी दुपार गेली. पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते, तेही खटकत होते. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवल्यावर, ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे त्यांत, ही दोन्ही अक्षरे मराठी वळणाची झाली.

खरी कसोटी जुन्या फायलींची होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेली हस्तलिखिते उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसला. हा दोष लिनक्सचा नव्हे, कारण त्या फायलींत मुळात मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून दाखवणारा फॉन्ट तेवढा असतो. तो फॉन्ट मिंटमध्ये टाकल्यावर पाने पूर्ववत दिसू लागली, परंतु त्यांत एक शब्दही शोधता येईना. विंडोजवरही येत नव्हता, एवढेच की तिथे मी कधी शोधून पाहिले नव्हते! आता एकेक फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करते. पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते.

बाकी गोष्टी सुखाच्या आहेत. प्रिंटर जोडताच चालला. टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनाने प्रणालीची प्रत ठेवल्यामुळे, एकदा मीच काहीतरी खोडून बसले तेव्हा वीस मिनिटांत सर्व जागेवर आले. मात्र त्यात आपले दस्तऐवज आपोआप धरले जात नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. सप्टेंबरमध्ये २२.२ आली, ती अपडेट मॅनेजरमधूनच चढवली. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असल्याने तोवर तरी यंत्र बदलण्याचे कारण दिसत नाही.

दोन अडचणी मात्र सुटलेल्या नाहीत. प्रकाशकांकडून येणाऱ्या वर्ड फायलींतील तक्ते आणि तळटीपा लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी सरकतात, म्हणून अंतिम प्रत मी पीडीएफमध्येच पाठवते. दुसरी अडचण डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलची, म्हणजे ती स्वाक्षरी साठवलेल्या यूएसबी उपकरणाची आहे. माझ्याकडचा डोंगल मिंटवर काही केल्या चालला नाही, त्यामुळे स्वाक्षरी करायची वेळ आली की अजूनही तो घेऊन भाच्याच्या घरी जाते.