‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधली नाणी: हिशेब सोपा, बाजार कच्चा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र वठवत खेळायचा कल्पनारम्य खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीतली (2014) चलनपद्धत नवख्यांना पाच मिनिटांत समजते. 10 तांब्याची नाणी म्हणजे 1 चांदीचं, 10 चांदीची म्हणजे 1 सोन्याचं आणि 10 सोन्याची म्हणजे 1 प्लॅटिनमचं. यात मध्येच इलेक्ट्रम घुसवलंय, म्हणजे सोनं-चांदीचा मिश्रधातू, किंमत अर्धं सुवर्णनाणं. दहाच्या पाढ्यात हा पाचाचा खडा कशाला? खुशाल वगळा, काही अडत नाही.

खरी मजा वजनात आहे. 50 नाण्यांचं एक पौंड, म्हणजे नाणं साधारण 9 ग्रॅमचं, पाऊण तोळ्याच्या आसपास. ड्रॅगनच्या गुहेत 10,000 सुवर्णनाणी मिळाली तर ओझं 200 पौंड, आणि ताकदीचा गुणांक 10 असलेलं खेळाडूचं पात्र उचलणार 150. खेळणाऱ्या बहुतेक गटांत वजन धरतच नाहीत, मग कमी वजनात जास्त किंमत सामावणाऱ्या प्लॅटिनम आणि रत्नांना कोण विचारतो? वजन धराच.

भाव मात्र गंडलेत. अकुशल मजुराचा रोज 2 चांदीची नाणी, तर जखम भरणाऱ्या औषधाची एक कुपी 50 सुवर्णनाण्यांना. म्हणजे 250 दिवसांची मजुरी!

राज्याराज्यांतला फरक नियमांत जवळपास नाहीच. खेळाच्या जगातल्या वॉटरडीप शहराचं चौकोनी पितळी ‘टाओल’ तेवढं झकास: शहरात 2 सुवर्णनाण्यांचं, वेशीबाहेर जवळजवळ कवडीमोल. गेम चालवणाऱ्याने प्रत्येक राज्याला असं एक नाणं द्यावं आणि सराफाचा बट्टा दहा टक्के ठेवावा. त्याहून जास्त गुंतागुंत केली की खेळाडू कंटाळतात.