हतनूर धरणाच्या गाळात चार-स्ट्रोक ओबीएम: इंजिन झकास, पण ते पंपाचं रबर!

दहा हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घेऊन वर्ष होत आलं. पावसाळा, माघातली यात्रा, अख्खा उन्हाळा, सगळं त्यानं पाहिलं. वजन, आवाज, ताकद यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, तुम्हाला ते पाठ असेल. मला बोलायचंय इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपातल्या इम्पेलरबद्दल, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या रबरी चक्राबद्दल. तळहातावर मावेल एवढं रबर, आणि त्याच्यापायी भर यात्रेत माझी होडी चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर आडवी झाली.

पलीकडून भाविक घेऊन येत होतो. मागे बसलेले अप्पा म्हणाले, "धार बारीक होऊन र्‍हायली, भाऊ." कव्हरमागून पाण्याची पिचकारी पडते ना, ती धार. इंजिन थंड करणारं पाणी फिरतंय याची होडीवाल्याला दिसणारी तेवढीच खूण. मान वळवेपर्यंत तिची टिपटिप झाली, बझर कोकलला आणि इंजिनानं आपणहून वेग पाडला. हे चांगलंच आहे म्हणा, जुनं टू-स्ट्रोक असतं तर जाम होऊनच थांबलं असतं. पण बारीक वेगावर तरी किती तापवायचं? बंद केलं आणि वल्ही काढली. होडीत अभंग चालू होता तो थांबला, आणि एका आजींनी विचारलं, "डिझेल सरलं का रे भाऊ?"

विक्रेता कोकणपट्टीतला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न: "वापर झाल्यावर गोड्या पाण्यानं फ्लश करता ना?" समुद्राचं मीठ धुवायला तिकडे ते करतात. अहो, मी राहतोच गोड्या पाण्यात! मग म्हणे झिजलेला इम्पेलर वॉरंटीत बसत नाही. बरं, नसेल बसत, पैसे घ्या आणि पाठवा. तर सुटा मिळत नाही, अख्खं किट घ्या: हाउसिंग (पंपाचं कवच), पत्रा, गॅस्केट, चावी सगळं. किंमत नुसत्या रबराच्या चौपटीहून वर. विहिरीच्या पंपाचं वॉशर मागितलं आणि दुकानदारानं पंपच बांधून दिला, असा हा प्रकार. त्याच दिवशी हे लिहायला बसलो असतो तर एक ताराही दिला नसता.

शालक फैजपूरला विहिरीच्या मोटारी उघडतो. त्यानं खालचा भाग उतरवला आणि माझं मत बदललं. हाउसिंग उघडल्यावर आत काळ्या गाळाचा लगदा. सहा पाकळ्यांपैकी दोन मुळातून तुटलेल्या, उरलेल्यांच्या कडा घासून गोल झालेल्या. हाउसिंगमधल्या स्टीलच्या वाटीवरून नख फिरवलं तर चरे लागत होते. तुटलेल्या पाकळ्यांतली एक सापडली, दुसरी सापडेना. शालक म्हणाला, "दाजी, ती काढल्याशिवाय मी हे बंद करणार नाही." बरोबरच होतं त्याचं. तसा तुकडा वर थर्मोस्टॅटपाशी अडकला की नवा पंप बसवूनही इंजिन तापतंच. शेवटी पाण्याच्या नळीत उलटी हवा मारली तेव्हा तो उडून बाहेर आला.

म्हणजे दोष इंजिनाचा नाही, आपल्या पाण्याचा. पूर्णा वऱ्हाडातून काळी माती आणते, तापी सातपुड्याकडून रेती, आणि दोघी धरणाच्या वर चांगदेवलाच एकत्र येतात. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडझाप करू लागले की पाणी कधी चढतं, कधी उतरतं, आणि काठाचा गाळ ढवळून निघतो. पुस्तिकेत तपासणीची मुदत दिली आहे ती स्वच्छ पाणी धरून. आपल्याकडे तिच्या निम्मीच धरा. फ्लशिंगवरून विक्रेत्याला हसलो, पण गढूळ पाण्यातून आल्यावर ते करावंच लागतं. मी आता काठावर ड्रमात इंजिन बुडवून ते करतो. कोरडं मात्र क्षणभरही चालवू नका, पाण्यावाचून रबर जळायला वेळ लागत नाही. ठिबकच्या फिल्टरची जाळी पाणी ओढायच्या खालच्या तोंडाला बांधू, असं शालकाचं म्हणणं होतं. अप्पांनी तिथंच मोडीत काढलं: "शेवाळ बसलं का तेच बूच होतं."

नवं रबर बसवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत हाउसिंग खाली दाबायचं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. हे पुस्तिकेत आहे, पण इतक्या कोपऱ्यात की कुणी वाचत नसेल.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोल जुन्यापेक्षा बरंच कमी लागतं, ऑइल मिसळायची कटकट गेली. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकीत पडून राहू देऊ नका, ते हवेतलं पाणी ओढतं. होडी महिनाभर बांधून ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करा. पंख्यामागे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळला जातो आणि सील कापतो. गिअर ऑइल चहासारखं दुधी दिसलं की पाणी शिरलं समजा. विक्रेता लाँग शाफ्ट गळ्यात मारायला बघत होता. आपल्या बुटक्या, सपाट होड्यांना शॉर्टच बरा, वीस इंची दांडा उथळ पाण्यात चिखल उकरतो.

उन्हाळ्याच्या शेवटी धार पुन्हा बारीक झाली. या वेळी बझर वाजायच्या आधीच काठाला लागलो. वाटीतले चरेही बघून घ्या म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, मेकॅनिक नाही, इंजिनच इकडे पाठवा. पण १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद, तेव्हा सगळ्यांची इंजिनं दुरुस्तीला उतरतात, नंबर लागेल तेव्हा लागेल. किट तरी पाठवा म्हटलं. ते मात्र दुसऱ्याच दिवशी कुरियरला पडलं!

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो पंपाचा, आणि पूर्ण एक कापला तो सुटं रबर न विकणाऱ्यांचा. शालकाच्या मते एक वाटी दोन-तीन रबरं सहज काढते, त्यामुळे किटांतलं नुसतं रबर वापरलं आणि माझ्याकडे गॅस्केटसकट कोरी हाउसिंगं पडून आहेत. कुणाला हवी असतील तर अर्ध्या किमतीत घेऊन जा. रबर मात्र मागू नका.