आठ महिने पूर मॉडेल इकडून तिकडे हलवतोय, जीडॅल आणि क्यूजीआयएसचा अनुभव

आठवड्याचं काम आहे म्हणून अंगावर घेतलं होतं, आठ महिने झाले. जुनं टू-डी पूर मॉडेल, म्हणजे पुराचं पाणी जमिनीवर कसं पसरेल याचं कॉम्प्युटरवरचं गणित. त्याचे सगळे लेयर (नकाशाचे थर) मॅपइन्फो या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या मिफ-मिड फाइलींमध्ये, ते आधी शेपफाइल आणि मग जिओपॅकेज या फाइल-प्रकारांत न्यायचे, आणि जमिनीची ग्रिड, म्हणजे चौकोनी सेलमधले उंचीचे आकडे, ॲस्की म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमधून जिओटिफमध्ये. हत्यारं दोनच, नकाशे बघायचं-बदलायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आणि नकाशाच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारं कमांड लाइनवरचं जीडॅल, दोन्ही फुकट, आणि तसं बघितलं तर क्यूजीआयएसच्या पोटात पण जीडॅलच बसलंय. माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला ते सांगतो.

आधी कौतुक. दीडेकशे लेयर एका छोट्या स्क्रिप्टने चहा होईपर्यंत बदलून होतात, हाताने एकेक एक्सपोर्ट करत बसलो असतो तर महिना गेला असता. मेश लेयरची, म्हणजे मॉडेलचं जाळं नकाशावर दाखवायची, सोय पण भारी आहे, हेक-रास या पूर मॉडेलच्या सॉफ्टवेअरचा टू-डी रिझल्ट किंवा टू-डी-एम फाइलमधली मेश सरळ ओढून टाकायची आणि टाइम स्लायडर फिरवून पाणी कसं पसरतंय ते बघायचं.

आता त्रास. फाइल उघडली, नकाशावर बरोब्बर जागी दिसली, की आपल्याला वाटतं झालं काम. मॉडेल पण चालतं, एरर येत नाही, फक्त पाणी भलतीकडे जातं.

पहिला फटका मोऱ्यांचा. मिफमध्ये एकाच लेयरमध्ये पॉइंट पण असतात, लाइन पण असतात, शेपफाइलला हे चालत नाही, तिथे एका फाइलमध्ये एकच प्रकार. जीडॅलने खरं तर ओरडून सांगितलं होतं, पण मी कुठून तरी कॉपी केलेल्या कमांडमध्ये स्किप-फेल्युअर्स (चूक आली तरी पुढे जा) लावलेलं होतं, त्यामुळे लाइन बसत नाहीत म्हणून गाळून टाकल्या आणि रस्त्याखालच्या सगळ्या मोऱ्या गायब. रस्त्याच्या वरच्या अंगाला तळं साचलेलं बघून मी दोन दिवस पावसाचा डेटा तपासत होतो!

मग कॉलमची नावं. शेपफाइलच्या डीबीएफमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या तक्त्यात, नाव दहा अक्षरांचं, पुढचं कापलं जातं. माझ्याकडे मॅनिंगच्या एनचे (जमीन पाण्याला किती अडवते तो आकडा) दोन कॉलम होते, नदीपात्राचा वेगळा आणि काठाचा वेगळा, दोघांचीही पहिली दहा अक्षरं तीच, मग एकाचं शेपूट तुटलं आणि दुसऱ्यामागे अंडरस्कोर एक लागलं. आता कुठला कुठला ते ओळखा. रिकाम्या आकड्यांचं तर विचारूच नका, नल म्हणजे "माहिती नाही", पण पुढच्या प्रोग्रामने ते शून्य वाचलं की मोरीच्या तळाची लेव्हल थेट शून्यावर. बरं, जिओपॅकेजला हे दोन्ही प्रॉब्लेम नाहीत, पण त्याची स्वतःची एक खोड आहे. क्यूजीआयएसमधून जिओपॅकेजची शेपफाइल काढली की एफआयडी नावाचा, ओळख-क्रमांकाचा कॉलम सगळ्यात पुढे येऊन बसतो, आणि आमचं सॉल्व्हर, म्हणजे मॉडेलचं गणित करणारा प्रोग्राम, कॉलम नावाने नाही तर क्रमाने वाचतं, म्हणजे सगळं एक घर सरकलं. एक्सपोर्ट करताना त्या कॉलमची टिक काढायची, एवढंच करायचं असतं, पण ते कळायला एक अख्खा आठवडा गेला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ग्रिडने. ॲस्की ग्रिडच्या हेडरमध्ये कोपरा दोन पद्धतीने लिहिता येतो, डावीकडच्या सगळ्यात खालच्या सेलचा कोपरा किंवा त्याचं सेंटर, आणि एकाने सेंटर लिहिलं, दुसऱ्याने कोपरा समजून वाचलं, की सगळी जमीन अर्धा सेल सरकते. पाच मीटरच्या ग्रिडला अडीच मीटर. मैदानावर काही फरक नाही पडत, पण नदीकाठचा बांध एक-दोन सेल रुंद असतो हो, आणि बांधाची लाइन वेगळ्या लेयरमधून येते, दोन्ही जुळत नाहीत.

त्यात मी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, पण बदललं. त्यासाठीची कमांड जीडॅल-वार्प, ती काही सांगितलं नाही तर सगळ्यात जवळच्या सेलची किंमत उचलतं, त्याने बांधाचा माथा दातेरी होतो, बायलिनियर (आजूबाजूच्या सेलची सरासरी) लावलं तर माथा आजूबाजूच्या सखल जमिनीत मिसळून बुटका होतो. बांध बुटका झाला की पाणी आधी पलीकडे जातं, आणि बांध कधी ओलांडला जाईल हेच तर मॉडेल बनवून बघायचं असतं. शेवटी माझा तोडगा असा की ग्रिड मूळ प्रोजेक्शनमध्येच ठेवायची, व्हेक्टर (पॉइंट-लाइनचे लेयर) तिकडे न्यायचे, आणि बांधाच्या माथ्याच्या लेव्हल वेगळ्या लाइनवरून ग्रिडवर चढवायच्या. आणि हो, साधं आडवं प्रोजेक्शन बदललं म्हणून उंची बदलत नाही, फुटातली ग्रिड मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये नेली तरी सेलमधले आकडे फुटातलेच राहतात. हे वाचताना हसू येतं, स्वतःवर आलं की नाही येत.

तो एक मार्क याच्यासाठीच कापला. वॉर्निंग येतात, पण दीडशे लेयरच्या गर्दीत पिवळ्या ओळी वर सरकून जातात, आणि शेवटी हिशोब मिळत नाही की इतके फीचर (पॉइंट, लाइन वगैरे) आले, इतके गेले. आता मी स्क्रिप्टमध्येच आधीचा आणि नंतरचा आकडा छापतो, शिवाय जुनं आणि नवं मॉडेल एकाच पावसावर चालवून पाण्याच्या खोलीच्या ग्रिडची वजाबाकी करतो. मागच्या आठवड्यात वजाबाकी जवळपास सगळीकडे शून्य आली, एक जागा सोडून, दोन पाइप मिळतात तिथे चार सेंटिमीटरचा फरक आहे. पाइपची टोकं काही मिलिमीटरने सुटलीत असा संशय आहे, उद्या तिथलं स्नॅपिंग, म्हणजे टोकं एकमेकांना चिकटलीत का ते, बघतो.