झेरॉक्सच्या काउंटरमागचं ल माँ

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत मॉडेल गाड्यांचं, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचं, हे दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो एवढंच लिहिलंय, आणि ते सगळं तिथे खरोखर होतं. दुकानाचं नाव मी देत नाही, कारण मालक काकांनी तसं बजावलंय. मागे कुणीतरी एका ग्रुपवर पत्ता टाकला, तर दुसऱ्याच दिवशी दोनशे रुपयांच्या आतल्या छोट्या गाड्यांचे खोके उपसणारी मंडळी शटर उघडायच्या आधीच हजर. काका त्या गाड्या ठेवतच नाहीत. ज्यांना खरंच हवंय त्यांनी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यांकडे जाऊन मॉडेल कार मागून बघावी. बाकीचे मान हलवतील. जे "कोणतं वर्ष?" असं विचारतील, ते हे काका.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. मुलाच्या वाढदिवसासाठी लाल फेरारी घ्यायला आलेल्या बाईंनाही विचारला होता. बाई म्हणाल्या, "यंदाचीच द्या ना, जुनी कशाला?" त्यांना दारापाशीच्या शोकेसकडे पाठवण्यात आलं. खरा माल काउंटरच्या मागे, फोटो काढायच्या पांढऱ्या पडद्याला लागून असलेल्या कपाटांत आहे. ती कपाटं पाहिली तेव्हाच मी ठरवलं होतं की या दुकानावर लिहायचं. गाड्या कंपनीप्रमाणे लावलेल्या नाहीत, मापाप्रमाणेही नाहीत. ल माँच्या, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या, वर्षाप्रमाणे आहेत. जिंकलेली गाडी पुढे, हरलेल्या मागे.

यात काय एवढं, असं वाटेल. मग मधला खण बघा. 1968 च्या जागी गल्फ या तेल कंपनीच्या निळ्या-नारिंगी रंगातली फोर्ड जीटी 40, क्रमांक 9. शेजारी 1969, तीच गाडी, क्रमांक 6. तीच म्हणजे त्याच जातीची नव्हे. चॅसीचा (सांगाड्याचा) क्रमांक 1075, लागोपाठ दोन वर्षं जिंकलेली एकच गाडी. इतर दुकानांत तुम्हाला 'जीटी 40 गल्फ' मिळते. इथे काका विचारतात की तुम्हाला रॉड्रिगेझ-बिआंकी या ड्रायव्हरांची हवी की इक्स-ऑलिव्हरची. 1969 ला शर्यत सुरू करायला ड्रायव्हर पळत जाऊन गाडीत बसत. जॅकी इक्स निषेध म्हणून चालत गेला, नीट पट्टा बांधला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. चोवीस तासांनी तो साधारण 120 मीटरने जिंकला. ज्याला हरवलं तो हान्स हेरमान, पोर्श 908 मध्ये. ती 908 याच खणात, जीटी 40 च्या मागे उभी आहे. पुढच्या जागी 1970, लाल-पांढरी पोर्श 917, क्रमांक 23. एकूण शर्यतीत पहिलं येण्याचा पोर्शचा ल माँमधला पहिला मान, आणि चालवणारे रिचर्ड अ‍ॅटवूड आणि तोच हेरमान. जिंकला आणि रेसिंग सोडून घरी बसला. त्या वर्षापासून पळत जाऊन गाडीत बसणंही बंद झालं. एका फुटाच्या काचेवर ही सगळी गोष्ट लावलेली आहे, आणि कुठेही चिठ्ठी चिकटवलेली नाही. ज्याला कळते त्याला कळते.

मी वागळे इस्टेटमध्ये एका डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात भरून पार्ट काढायच्या) युनिटमध्ये क्वालिटी बघते. दिवसभर झिंकचे पार्ट हातात असतात, त्यामुळे मॉडेल हातात घेतलं की माझी नजर आधी रंगाकडे जात नाही, पार्टिंग लाइनकडे, म्हणजे साच्याच्या सांध्याच्या रेघेकडे जाते. म्हणून या दुकानातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते, जी बहुतेकांच्या लक्षात येणार नाही. काका जुना माल बॅटरीच्या उजेडात तपासून घेतात. धातूची मॉडेल बनतात ती झमाकची, म्हणजे जस्त, त्यात साधारण चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, तांबं. या मिश्रणात शिसं जरा जास्त गेलं, आणि जरा म्हणजे टक्क्याचे काही हजारावे भाग, तर पुढे काही वर्षांनी धातू आतून कणाकणाने कुजायला लागतो. आधी रंगाखाली फोड येतात, मग उंबरठा वाकतो, दार लागेनासं होतं, शेवटी बोटाने दाबलं की तुकडा हातात. यावर इलाज नाही. दमट हवेत हे लवकर होतं, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर कपाटात काय हवा असते ते मी सांगायला नको.

माझ्यासमोर एक गृहस्थ आपला जुना संग्रह विकायला आले होते. त्यातली एक 1:43 ची (खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी) गाडी, एका परदेशी कंपनीची, खोक्यासकट, दिसायला झकास. काकांनी चाकाच्या कमानीत बॅटरी मारली आणि ती माझ्याकडे सरकवली. "मॅडम, तुमचं खातं." कमानीच्या आत केसाएवढी भेग, दोन्ही बाजूंना सारखी. मी मान हलवली. काकांनी ती घेतली नाही. घेऊन पुढच्या आठवड्यात कुणाच्या गळ्यात मारता आली असती, कारण बाहेरून काहीच दिसत नव्हतं. जुन्या मॉडेलच्या धंद्यात हे किती दुर्मिळ आहे ते ज्यांनी ऑनलाइन हात पोळून घेतलेत त्यांना विचारा.

आणखी एक. टायरच्या मऊ रबरातून तेलकट द्रव्य झिरपतं आणि खालच्या प्लास्टिकच्या स्टँडला खातं; काही वर्षांनी गाडी उचलावी तर टायर स्टँडलाच राहतो. इथे प्रत्येक गाडीच्या चाकाखाली फॉइलची बारीक पट्टी आहे. प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी. विकत घेतलेल्या गाडीबरोबरही दोन पुड्या देतात, फुकट.

आता मी काय घेतलं ते. मॅकलारेन एफ 1 जीटीआर, क्रमांक 59, ल माँ 1995, माप 1:18, धातूची नव्हे तर रेझिनची, म्हणजे ओतीव राळेची. साडेसोळा हजार. घरी हा आकडा मी अजून सांगितलेला नाही. (हे वाचून कळेल, ते कळो.)

या गाडीची मजा अशी की तिचा डिझायनर गॉर्डन मरेने ती शर्यतीसाठी केलीच नव्हती. त्याला रस्त्यावरची सर्वोत्तम गाडी करायची होती. ड्रायव्हर बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक सीट, इंजिनच्या कप्प्याला सोन्याचा पत्रा, कारण सोनं उष्णता परतवतं. मागे बीएमडब्ल्यूचं 6.1 लिटरचं व्ही 12, इंजिनिअर पाउल रोशेने बांधलेलं, 627 हॉर्सपॉवर. मग रे बेल्म आणि थोमस ब्शर या दोन ग्राहकांनी टुमणं लावलं की आम्हाला हिच्यात शर्यत करायचीय. गंमत म्हणजे शर्यतीच्या नियमांप्रमाणे इंजिनात हवा जायची वाट अरुंद करावी लागली, त्यामुळे रेसची गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी ताकदीची निघाली. 59 क्रमांकाची तर कंपनीची चाचणीची गाडी होती, चॅसी 01 आर. जपानी युएनो क्लिनिकचे पैसे, लान्झान्टेची टीम, आणि यानिक दालमास, जेजे लेहतो, मासानोरी सेकिया असे तिघे.

मग पाऊस आला आणि जवळपास सतरा तास पडत राहिला. त्या पावसानेच गाडी वाचवली असं जाणकार म्हणतात, कारण निसरड्या रस्त्यावर गिअरबॉक्सवरचा ताण कमी झाला आणि तोच तिचा नाजूक भाग होता. रात्री ओल्या काळोखात लेहतो ज्या वेगाने गेला त्याबद्दल लोक अजून बोलतात. 298 फेऱ्या झाल्या. सेकिया ल माँ जिंकणारा पहिला जपानी ठरला. मॅकलारेन पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या. दुसरा नंबर कोणाचा? कुराज सी 34, आणि तिच्या तीन ड्रायव्हरांतला एक पंचावन्न वर्षांचा अमेरिकन दिग्गज मारियो आंद्रेत्ती. एका फेरीने हुकला. तीही गाडी काकांच्या कपाटात मागे उभी आहे, विक्रीला नाही.

मी घेतलेली आवृत्ती शर्यत संपल्यावरची आहे, म्हणजे मळकी. अशी मॉडेल्स बरेचदा फसतात. कारखान्यात तपकिरी फवारा मारतात आणि सगळीकडे सारखाच मळ बसतो. इथे तसं नाही. चाकांच्या मागे काजळीचे पंखे आहेत, ब्रेकच्या भुकटीचे. गडद करड्या अंगावर हवा जिकडे वाहते तिकडेच ओघळ गेलेत. पुढच्या काचेवर वायपरने काढलेली कमान स्वच्छ आहे आणि तिच्या कडेला मळाची ओळ आहे. मागचा भाग बघितला की पावसाळ्यात माळशेज उतरून आलेली एसटी आठवते. मागच्या विंगच्या खालच्या बाजूला मात्र मळ फार एकसारखा झालाय, तिथे कामगाराची शिफ्ट संपली असावी. आत सीटचे पट्टे कापडी आहेत, बकलं कोरून काढलेली. एका आरशाचा दांडा किंचित तिरका आहे. आमच्याकडे असता तर मी नापास केला असता. इथे पास केला.

दारं उघडत नाहीत. रेझिनच्या गाड्या बहुतेक बंदच असतात आणि यावरून माणसं भांडतात. माझं मत असं की रेसची गाडी बंद असलेली बरी. धातूत दार उघडणारं करायचं म्हटलं की बिजागरी आली, भिंतीची जाडी आली, आणि दाराभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली की 1:18 मध्ये ती खऱ्या गाडीवर नऊ मिलिमीटरची होते. एवढ्या फटीची गाडी ल माँमधल्या मुल्सानच्या सरळ रस्त्यावर गेली असती का? रस्त्यावरच्या सुपरकारचं उलट आहे. लॅम्बोर्गिनी कुन्ताशची दारं वर जात नसतील, एफ 1 च्या मधल्या सीटवर नाक घालता येत नसेल, तर ती घ्यायची कशाला?

आणि इथेच दुकान कमी पडतं. शर्यतीच्या कपाटात जो जीव आहे तो दारापाशीच्या सुपरकारच्या शोकेसमध्ये नाही. तिथे लाल आणि पिवळं एवढे दोनच रंग, बहुधा भेट द्यायला घेणाऱ्यांसाठी. लॅम्बोर्गिनीची मिउरा चांगली आहे, दिव्यांभोवतीच्या पापण्या वेगळ्या काळ्या पार्टच्या आहेत, नुसत्या छापलेल्या नाहीत. पण फेरारीची एफ 40 बघून मला वाईट वाटलं. 1987 ची ही गाडी, एन्झो फेरारीच्या हयातीतली शेवटची. वजन वाचवायला तिला रंग इतका पातळ दिला होता की खालची कार्बन-केव्हलरची वीण दिसायची. मॉडेलवर रंगाचा जाड थर, कडा बुजलेल्या, बॉनेटच्या खाचा भरलेल्या. पन्नास मायक्रॉनचा थर 1:18 ला जवळजवळ एक मिलिमीटर होतो, हे रंगकाम करणाऱ्याने कधी मोजलं नसावं. काकांना म्हटलं तर म्हणाले, "ती खपते हो." ते खरंच असणार.

व्यवहाराचं पटकन सांगते. ऑर्डरला निम्मे पैसे आधी, बाकीचे माल आल्यावर. काही महिने लागतात आणि तारीख विचारलेली आवडत नाही. कुरिअर करत नाहीत, स्वतः यावं लागतं. भाव होत नाही, पण खोक्याचा कोपरा चेपला असेल तर न मागता कमी करतात. दुपारी दीड ते पाच बंद, नौपाड्याच्या नियमाप्रमाणे. काचेवर बोट लावलं तर पुसायला कापड हातात देतात. झेरॉक्सचं गिऱ्हाईक आलं की तुम्हाला थांबावं लागतं, अगदी तुम्ही साडेसोळा हजार मोजत असलात तरी; माझा व्यवहार एका मुलाच्या दहा गुणपत्रिकांसाठी थांबला होता. गाडी गल्लीत आणू नका, गावदेवीच्या पार्किंगला लावून चालत या.

1991 च्या जागी माझदा 787 बी आहे, क्रमांक 55, नारिंगी-हिरवी, चार रोटरच्या इंजिनाची. तिची किंमत विचारायचं धाडस मी केलं नाही. त्याऐवजी एक ऑर्डर दिली. 2012 ची एचपीडी (होंडाच्या रेसिंग विभागाची गाडी), जेआरएम टीमची, जिच्यात डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डंब्रेकबरोबर करुण चंढोक होता. एकूणात सहावी आली, आणि ल माँ पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. काकांच्या कपाटात 2012 च्या जागी जिंकलेली ऑडी आहे, ही नाही. मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी चष्मा वर केला, वही काढली आणि दोन लिहिल्या. एक माझी, एक कपाटाची. एकच आली तर ती माझी आहे, कपाटाची नाही. तसं वहीत लिहून घेतलंय.