बेडजवळचे एलईडी रीडिंग लाईट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या आधी बेडच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर एलईडी रीडिंग लाईट बसवून घेतले, आता पावसाळा लागलाय, वापर भरपूर झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. ह्यांची शिरोली एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे ते साडेनवालाच आडवे होतात, आणि मला करवीर नगर वाचन मंदिरातनं आणलेलं पुस्तक अकरापर्यंत खाली ठेववत नाही. ट्यूब चालू ठेवली की त्यांची झोप गेलीच.

दुकानात आधी वर-खाली उजेड फेकणारे शोभेचे लाईट दाखवतात. दिसायला एक नंबर, पण उजेड सगळा भिंतीवर, पानावर काहीच नाही. वाचायलाच पाहिजे असेल तर वाकणाऱ्या मानेचा, छोट्या तोंडाचा ३ वॅटचा घ्या. बीम अँगल, म्हणजे उजेड पसरतो तो कोन, ३० अंशांच्या आसपास असला की पुस्तकापुरताच उजेड पडतो, शेजारच्याच्या तोंडावर जात नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, नुसते वॅट वाढवून काही उपयोग नाही.

रंग ३००० केल्विन घेतला, वॉर्म व्हाईट. ६५०० चा पांढराफटक उजेड रात्री डोळ्यात घुसतो. ह्या वर्षी दिवाळी अंकांचा बारीक टाईप थंडीभर ह्याच लाईटखाली वाचला, डोळे चुरचुरले नाहीत. आणि दुकानातच लाईट लावून मोबाईलचा कॅमेरा समोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लाईट फ्लिकर मारतोय, म्हणजे डोळ्याला कळणार नाही इतका भराभर लुकलुकतोय, तसला घेऊच नका, तासाभरात डोकं चढतं.

उंचीसाठी वायरमन येईपर्यंत थांबू नका. रोज बसता तशी पाठीला उशी लावून बसा, घरातल्या कुणालातरी मोबाईलचा टॉर्च भिंतीला धरायला सांगा आणि पुस्तक उघडून बघा, डोक्याची सावली पानावर पडत नाही आणि बल्ब डोळ्यात येत नाही तिथं पेन्सिलनं खूण करा. आमच्याकडे ती गादीपासून साधारण दोन फुटांवर, खांद्याच्या जरा बाहेरच्या बाजूला आली. बटण लाईटवरच असलेला घ्या, झोप आल्यावर उठून दाराजवळ जायला कोण बघतंय! भिंत फोडायची नव्हती म्हणून केसिंग पट्टीतनं वायर नेली, रंग मारल्यावर कळत पण नाही.

वीज म्हणाल तर रोज दोन तास धरले तरी एका लाईटचं महिन्याला ०.१८ युनिट.

आता तक्रार. माझ्या बाजूच्या लाईटची मान सैल पडलीय, वाचता वाचता तोंड हळूहळू खाली येतं आणि पानाचा वरचा भाग अंधारात जातो. पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, तिथल्या प्लेटचे स्क्रू पण गंजायला लागलेत, म्हणून ओलीची भिंत असेल तर स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू मागून घ्या. घेताना मान चांगली आठ-दहा वेळा वाकवून सोडा, जिथल्या तिथं राहते का बघा, आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीला दुकानदार तेच आधी मागतो.