कूलंट कमी होतंय, गळती दिसत नाही: प्रेशर टेस्टर की यूव्ही डाय?

पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाडीत महिन्याभरात कूलंट मॅक्सवरून मिनवर येतं, आणि गाडीखाली मात्र एक थेंब नसतो. पाझर इतका बारीक असतो की गरम इंजिनावरच वाळून जातो. अशा वेळी दोन पर्याय उरतात: रेडिएटरच्या तोंडाला बसवून हातपंपाने दाब भरायचा टेस्टर, नाहीतर कूलंटमध्ये घालायचा डाय (चमकणारा रंग) आणि तो उजळवणारा यूव्ही टॉर्च. दोन्ही वापरून झाल्यावर माझा कल टेस्टरकडे झुकतो. तरी डाय टाकाऊ आहे असं नाही.

डाय स्वस्त पडतो आणि काही उघडावं लागत नाही. गरम इंजिन हादरे खातं तेव्हाच होणारी गळती टेस्टरला अनेकदा सापडत नाही, डायला सापडते. 4 लिटर कूलंटला साधारण 30 मिली पुरतो, तरी बाटलीवरचं प्रमाण बघून घ्यावं. डाय पाण्यात मिसळणाराच हवा. ऑइलचा वेगळा येतो. घातल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालवावी, म्हणजे तो हीटरच्या नळ्यांतही फिरतो. एक-दोन दिवसांनी अंधारात, पिवळा चष्मा लावून टॉर्च मारायचा. पिवळट-हिरवी चमक डायची. निळसर पांढरी दिसली तर बहुधा इंजिन धुतल्याचा साबण.

माझं बिनसतं ते पुढे. डायची चमक सहजासहजी जात नाही. पंख्याचा वारा पाझर मागे उडवतो, मग वॉटर बॉडीतून (कूलंट फिरवणाऱ्या पंपातून) निघालेलं कूलंट बेल्टच्या कव्हरवर, ब्लॉकवर, माउंटिंगवर सगळीकडे चमकतं. सगळ्यात वरची आणि पुढची खूण धरून उगम शोधता येतो, तेही ठीक. खरी पंचाईत दुरुस्तीनंतर होते. रबरी होज बदलला, क्लिप नवी टाकली, आठवड्याने टॉर्च मारला तर कास्टिंगच्या खडबडीत भागात, होजच्या टोकाखाली चमक आहेच. ही जुनी की नवी? खसाखसा धुऊन पुन्हा गाडी चालवायची आणि पुन्हा थांबायचं. त्यात काही हिरव्या कूलंटमध्ये मुळातच चमकणारा रंग असतो, म्हणजे डाय घालण्याआधीच्या जुन्या डागांनीही फसायला होतं.

टेस्टर हा प्रश्न दाबाच्या काट्यावर सोडवतो. इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट तोंडापर्यंत भरायचं, अडॅप्टर बसवायचा आणि रेडिएटरच्या टोपीवर छापलेल्या आकड्यापर्यंतच, म्हणजे बहुधा 0.9 किंवा 1.1 बार, दाब भरायचा. त्यापुढे गेलात तर जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटायची. काटा पंधरा मिनिटं हलला नाही तर बाहेर मोठी गळती नाही. उतरला तर आधी अडॅप्टरचं रबर तपासा, खोटी गळती बऱ्याचदा तिथेच असते. मग होजची टोकं, रेडिएटरच्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचा जोड, थर्मोस्टॅटचं झाकण, वॉटर बॉडीखालचं बारीक भोक. या भोकातून पाझर म्हणजे आतलं सील गेलं. वरून कितीही एम-सील लावा, उपयोग शून्य. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत ब्लॉकच्या वेल्च प्लगभोवती (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या बुचांभोवती) गंजाचे ओघळही बघावेत. पायाखालचा गालिचा ओला असेल आणि काचेवर गोडसर वासाची वाफ धरत असेल, तर गळती हीटर कोअरची, म्हणजे डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरची.

बाहेर काहीच ओलं नाही आणि काटा तरी उतरतोय? मग हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा, संशय. दाब अर्धा तास तसाच ठेवा, स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी सोडवा आणि सेल्फ मारा. एखाद्या भोकातून फवारा उडाला तर तो सिलिंडर सापडला. तोंड त्या भोकांपासून लांब ठेवा.

दुरुस्तीनंतर हाच दाब पुन्हा भरायचा. पंधरा मिनिटांत निकाल, जुन्या डागांचा काही संबंध नाही. क्लिप आवळून काटा थांबला तरी होज कडक झाला असेल तर बदलावाच. जास्त आवळलेली क्लिप रबर कापते.

टेस्टर महाग आहे, आणि स्वस्त किटमधला अडॅप्टर तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. एकच गाडी असेल तर रेडिएटरवाल्याकडून एकदा दाब तपासून घेणं परवडतं. थंडीत सकाळी पाझरून इंजिन गरम झाल्यावर बंद होणारी गळतीही टेस्टर पकडतो, कारण तपासणी थंड इंजिनावरच होते. फक्त गरमवर होणाऱ्या गळतीसाठी मात्र डाय. टेस्टरसाठी गरम इंजिनाची टोपी उघडण्याच्या फंदात पडू नका. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), क्रँक सील यांतून ऑइल झिरपत असेल तिथेही हा टेस्टर कामाचा नाही. ऑइलचा डायच घ्यावा.

टेस्टर घेतलाच तर टोपी तपासायचा अडॅप्टर असलेला घ्या. टोपीचं रबर कडक झालं की कूलंट आधीच ओव्हरफ्लोच्या बाटलीत ढकललं जातं आणि तिथून वाहून जातं. शिवाय ती बाटली आणि तिची बारीक नळी बहुतेक जुन्या गाड्यांत दाबाखाली नसते, त्यामुळे तिथली चीर काट्यावर दिसतच नाही. बाटली काढून पाण्याने भरून फडक्यावर तासभर ठेवली की कळतं.