सायकलवर विमानाच्या मॉडेलचं १९ सीसी रेडियल: वर्ष उलटल्यावरचा अनुभव (ब्रीदरच्या तेलावर जरा जास्तच)

क्लच घसरतोय म्हणून ड्रम काढला तर शूजवर तेलाचा जाड थर आणि पट्टाही चिकट. कारण एकच, क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब आणि जळकं तेल बाहेर सोडणारी नळी. ताकद, वजन, आवाज यांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण या चार मिलिमीटरच्या नळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

इंजिन रेडियल, म्हणजे शाफ्टभोवती गोलाकार मांडलेल्या तीन सिलिंडरचं, चार-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या) इग्निशनचं. सायकल साधी काळी २२ इंची, २८ × १½ टायरची. यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या नादी लागू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते 'मोटार वाहन' धरत नाहीत. ३३ सीसीचं रेडियल दिसायला झकास, पण मग पासिंग आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलचं पासिंग करून देणारा मला तरी माहीत नाही.

विमानावर प्रोपेलर तीन कामं करतो: फ्लायव्हीलचं, पंख्याचं आणि लोड घ्यायचं. सायकलवर तो काढला की तिन्हीची सोय आपल्याला करावी लागते. फ्लायव्हीलसाठी ९० मिमी व्यासाची, १२ मिमी जाड एमएसची (साध्या पोलादाची) चकती लेथवर काढून घ्या. वजन ६०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि जडत्व १४ इंची प्रोपेलरच्या जवळपास येतं. याहून हलकी केली तर आयडलिंगला इंजिन बंद पडतं. याच चकतीवर ब्रश कटरचा ७८ मिमीचा क्लच बसवायचा. ड्रम मात्र ५:१ च्या बेल्ट गिअरबॉक्सच्या स्वतःच्या बेअरिंगवर हवा. इंजिनाच्या शाफ्टवर थेट चेन किंवा पुली लावाल तर पुढचं बेअरिंग लवकर जाणार, कारण ते प्रोपेलरच्या सरळ ओढीसाठी आहे, बाजूच्या ताणासाठी नाही. शाफ्ट आणि ड्रम एका रेषेत आहेत का ते डायल गेज लावूनच बघा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर ठीक.

हबला (प्रोपेलर ज्यावर बसतो त्या तुकड्याला) हात लावण्याआधी मार्करने रेघ मारून ठेवा. माझ्या इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या हॉल सेन्सरचा चुंबक हबमध्येच आहे आणि हब शाफ्टच्या निमुळत्या भागावर (टेपरवर) बसतो. तो जरा सरकला तरी टायमिंग गेलंच.

दिशेचा हिशोब बरेच जण शेवटी करतात, मग सगळं परत उघडावं लागतं. ही इंजिनं समोरून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरतात. म्हणून शाफ्टचं तोंड डावीकडे ठेवायचं आणि मागच्या चाकाचं मोठं स्प्रॉकेटही डावीकडेच लावायचं. पट्ट्याने दिशा बदलत नाही. पट्ट्याऐवजी एका टप्प्याचा गिअर वापरलात तर दिशा उलटते आणि सायकल मागे ओढते.

पट्टा ५:१, चेनला पुढे १० दात, मागे ५६ दात, म्हणजे एकूण २८:१. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ६५०० आरपीएमला ताशी ३० किमी मिळतात. क्लच ३००० च्या आसपास धरतो, म्हणून ताशी १४ पर्यंत पेडल मारावंच लागतं. मानवत-पाथरीकडच्या सपाट रस्त्याला हे गणित फिट बसतं. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र पायांनी साथ द्यावीच लागते, १९ सीसीकडून त्याहून जास्त अपेक्षा नको.

स्टार्ट करायला कॉर्डलेस ड्रिल. पण गोटी पाना थेट शाफ्टच्या नटावर लावू नका. नट साध्या आट्याचा आहे आणि इंजिन घड्याळाच्या उलट फिरवायचं असल्याने ड्रिल नटच सोडवतं. फ्लायव्हीलच्या तोंडावर वेगळा षटकोनी तुकडा एकेरी बेअरिंगसह बसवून घ्या. लेथवाल्याकडे गेल्यावर चकती आणि हा तुकडा, दोन्ही कामं एकाच फेरीत होतात.

आता ब्रीदर. या इंजिनात वेगळा ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्ये २०:१ ने मिसळलेलं तेल पिस्टनच्या बाजूने खाली झिरपतं, लिंक रॉड (पिस्टनचे जोडदांडे), कॅम, बेअरिंग ओले करतं आणि काळं होऊन ब्रीदरमधून बाहेर पडतं. विमानात ते हवेत उडून जातं. सायकलवर ते क्लचवर, पट्ट्यावर, मागच्या रिमवर आणि तुमच्या पँटच्या डाव्या पायावर येतं. रिमवर तेल आणि ब्रेक सळईचे, म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

उपाय सोपा आहे, पण नळी योग्य हवी. सलाईनची नळी पेट्रोलच्या वाफेने कडक होऊन तडकते, सिलिकॉनची फुगून निसटते. व्हिटॉनची नळी महाग पडली तरी तीच घ्या. दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या १०० मिलीच्या रिकाम्या बाटलीत सोडा, बाटली ब्रीदरच्या खाली ठेवा आणि झाकणाला दोन मिमीचं भोक पाडा. भोक नसेल तर क्रँककेसमध्ये दाब तुंबतो आणि तेल पुढच्या बेअरिंगमधून निघतं, म्हणजे परत क्लचवरच. माझ्या बाटलीचं भोक धूळ आणि तेलाच्या लगद्याने बुजलं होतं, सुरुवातीला सांगितलेला राडा त्यातूनच झाला. आता टाकी भरताना झाकण पुसतो. जमलेलं तेल परत मिसळायचा मोह होतो, कारण ते आपल्याच पैशाचं असतं. तरी मिसळू नका, त्यात कार्बन आणि पाणी असतं.

इंजिन कसं बसवावं याबद्दल माझं मत मध्येच बदललं. दोन सिलिंडर वर आणि एक खाली असं लावलं तर साचलेलं तेल काढायला एकच प्लग खोलावा लागेल, असा हिशोब होता. प्रत्यक्षात ब्रीदर वर गेला, क्रँककेसमधलं सगळं तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरलं आणि स्टार्ट केल्यावर गल्लीभर निळा धूर. आता एक वर, दोन खाली, ब्रीदर तळाला. थंड इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये अडलं तर जोर लावू नका आणि उलटंही फिरवू नका, उलटं फिरवलं की तेल इनटेकच्या नळीत जाऊन बसतं. खालचे दोन्ही प्लग काढून तेल निथळू द्या. जबरदस्ती केली तर लिंक रॉड वाकतो.

पंख्याबद्दलचं मतही उन्हाळ्याने बदललं. थंडीत समोरच्या वाऱ्यावर काम भागतं. एप्रिलमध्ये पारा ४२ वर गेला की सीटच्या नळीकडचं मागचं सिलिंडर आडोशाला पडतं. त्याचं हेड पुढच्यापेक्षा ३०-४० अंश जास्त तापलेलं मिळालं. प्लगही सांगतो: पुढचा तपकिरी, मागचा पांढराफटक. फ्लायव्हील आणि इंजिनाच्या मध्ये अॅल्युमिनियमचा सहा पात्यांचा पंखा आणि भोवती पत्र्याचं कवच लावल्यावर फरक दहाच्या आत आला. प्रोपेलर कापून पंखा करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो बॅलन्समध्ये राहत नाही, आणि तुमची नडगी तिथून वीतभर लांब असते.

कार्बोरेटरला एअर फिल्टर येतच नाही, आकाशात त्याची गरज नसते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ. ब्रश कटरचा फोम फिल्टर तेलात भिजवून, पिळून लावा आणि एच सुई (जास्त वेगाला किती पेट्रोल जावं ते ठरवणारी) किंचित बंद करा. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ऊस आपल्याच भागातला असला तरी इंजिनाला त्याचं कौतुक नाही. इथेनॉलला जास्त इंधन लागतं, म्हणून तीच सुई पुन्हा थोडी उघडावी लागते. पावसाळ्यात ते पाणी धरतं आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम (पातळ पडदा) कडक होतो. मिश्रण लिटर-दीड लिटरच बनवा. सायकल दोन दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा आणि ब्रीदरमधून तेलाचे चार थेंब सोडा, नाहीतर बेअरिंग गंजतात. टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.०५ मिमीवर ठेवा.

खर्चाचं बोलू. परभणीचं पेट्रोल मनमाडहून येतं, ते भाडं आपल्याच माथी. लिटरला १०६ धरा, वर ५० मिली चांगलं तेल म्हणजे आणखी ३० रुपये. किलोमीटर मिळतात सत्तरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांना जरा कमी. ६५ देणारी १०० सीसीची मोटारसायकल एक रुपया त्रेसष्ट पैशांत तेवढंच अंतर नेते, पाठीमागे माणूस बसवून. बचतीसाठी हे इंजिन घेणाऱ्याला हात जोडून नमस्कार.

आवाज मात्र मान्य करतो. २४० अंशांवर एकेक सिलिंडर पेटतं, त्यामुळे कंप जवळजवळ नाही. ८० सीसीच्या टू-स्ट्रोक किटवर हात बधिर व्हायचे, इथे हँडलवर ठेवलेलं नाणं टिकतं.

विक्रेत्याने 'सायकलला लावलंय' म्हणून वॉरंटी नाकारली. त्यावर वाद झाला आणि शेवटी गॅस्केट पदरचे पैसे घालून घ्यावे लागले. तुम्ही इंजिनासोबतच गॅस्केट सेट, डायफ्रॅम किट आणि तीन जास्तीचे प्लग मागवा. हे १/४-३२ आट्याचे प्लग इथल्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत आणि एकाच्या किमतीत मोटारसायकलचे दहा येतात. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून फोटो मागवून ब्रीदरचा निपल नेमका कुठे आहे ते बघून घ्या. तो तळाला नसेल तर दुसरं मॉडेल शोधा.